छेद कुठला?

शमी

नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. 'बाई, याचा पुढे उपयोग काय?' हा प्रश्न मुलं विचारतातच, पालकही विचारतात. माझं उत्तर अलीकडे एकाच सवयीपाशी येऊन थांबतं. आकडा कानावर पडला की त्याचा छेद विचारायचा. टक्का असेल तर कशाचा? वाढ असेल तर कशाच्या मानाने? सरासरी असेल तर कोणाकोणाची, आणि त्यात धरलंच नाही असं कोण? सूत्रं विसरली तरी चालतील, पण एवढी सवय लागली तर आयुष्यातले बरेच महागडे निर्णय सुधारतात असं मला मनापासून वाटतं.

एक नेहमीचं उदाहरण. दुकानात कर्ज देणारा माणूस सांगतो, 'फक्त १० टक्के, फ्लॅट.' १ लाख रुपये, ३ वर्षं. वर्षाला १० हजार म्हणजे व्याज ३० हजार, एकूण १ लाख ३० हजार, भागिले ३६, हप्ता ३,६११ रुपये. हिशेब चोख दिसतो. पण हे १० टक्के पूर्ण १ लाखावर धरलेत, आणि १ लाख तुमच्याकडे फक्त पहिला महिना असतात. पहिला हप्ता गेला की मुद्दल उतरायला लागतं. तीन वर्षांची सरासरी काढली तर तुमच्या वापरात साधारण निम्मीच रक्कम असते, व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत लाखावरच चालू राहतं. शिल्लक मुद्दलावर व्याज धरून हाच हप्ता बसवून पाहिला तर वर्षाचा दर निघतो जवळपास १७.९ टक्के.

शेजारची बँक 'घटत्या शिल्लकीवर १४ टक्के' म्हणते. दहापेक्षा चौदा मोठे, म्हणून माणूस दुकानात सही करतो. बँकेचा हप्ता बसला असता ३,४१८ रुपये. तीन वर्षांत सुमारे ७ हजारांचा फरक.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँका आणि वित्त कंपन्यांना नव्या किरकोळ कर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं आणि त्यात इतर आकार धरून होणारा वार्षिक दर लिहावा लागतो. तो कागद मागून घ्या. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, तिथे हिशेब आपल्यालाच मांडावा लागतो.

तुमच्या कामात, घरात, शेतात असा छेद कुठे भेटला? हिशेबासकट लिहा.

तळ्यातमळ्यात

छान विषय. वाचतोय.

मला तो भेटला क्लासच्या फ्लेक्सवर. भाचीच्या नीटसाठी आम्ही क्लास शोधत होतो. एका फ्लेक्सवर 'आमचे ४० विद्यार्थी वैद्यकीय महाविद्यालयात', दुसऱ्यावर १५. बहिणीचा ओढा अर्थातच चाळीसकडे. बसले किती होते, हे आत जाऊन विचारलं. पहिल्या ठिकाणी हजारावर मुलं, दुसऱ्या ठिकाणी शंभराच्या आसपास. शिवाय त्या चाळिसातले काहीजण फक्त शेवटच्या सराव परीक्षांना आलेले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात निवड झालेल्या विद्यार्थ्याने नेमका कोणता कोर्स आणि किती काळ केला ते लिहा असं म्हटलंय. बसलेल्यांचा एकूण आकडा मात्र आपणच विचारायचा.

शमी

तळ्यातमळ्यात, अगदी हेच. त्यात आणखी एक प्रश्न जोडेन. प्रवेश देताना क्लास चाळणी लावतो का? आधीच ९५ टक्के असलेली शंभर मुलं घेऊन त्यातली पंधरा पुढे गेली, तर त्यात क्लासचा वाटा किती हे त्या आकड्यावरून कळत नाही.

माणदेशी

शमीताई, छेदाचा हा खेळ आम्ही शेतकरी दर हंगामात बघतो. सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडे दरवर्षी यावरून वाद होतात आणि वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हिशेब पाहिलेला असतो.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई ठरते ती मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवरून, म्हणजे निवडलेल्या शेतांत लहान प्लॉट कापून उत्पादन मोजतात त्यावरून. काही पिकांत उपग्रहाच्या अंदाजालाही वजन असतं. स्थानिक आपत्तीचा वैयक्तिक पंचनामा हा वेगळा विषय, तो इथे धरत नाही. सूत्र असं: उंबरठा उत्पादनातून यंदाचं प्रत्यक्ष उत्पादन वजा करायचं, उरलेल्याला उंबरठा उत्पादनाने भागायचं, आणि येणाऱ्या उत्तराने विमा संरक्षित रकमेला गुणायचं.

आता 'प्रत्यक्ष उत्पादन' कोणाचं? माझं नव्हे. अख्ख्या महसूल मंडळाचं, म्हणजे अनेक गावांच्या गटाचं. समजा उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आणि मंडळाची यंदाची सरासरी ८. तूट २० टक्के. संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार धरली तर भरपाई १० हजार. ज्याच्या रानात काडी उगवली नाही त्याला हेक्टरी १० हजार, आणि ज्याला विहिरीच्या पाण्यावर १२ क्विंटल झालं त्यालाही १० हजारच. लोक म्हणतात विमा कंपनीने फसवलं. कधी तसंही असेल, पण पुष्कळदा सूत्रच तसं आहे. ते समजून घेतलं तर भांडायचं कशासाठी हे तरी कळेल.

दुसरं, उंबरठा येतो कुठून? मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ वर्षं घेतात, त्यांची सरासरी काढतात आणि जोखीमस्तराने गुणतात. आपल्याकडे तो ७० टक्के. म्हणजे १० क्विंटल उंबरठा असलेल्या मंडळाची चांगल्या वर्षांची सरासरी १४ च्या वर असते. १४ वरून १० पर्यंतची घसरण आपल्या अंगावर, विमा त्याच्या खाली सुरू होतो. विमा उतरवला म्हणजे पूर्ण उत्पन्न सुरक्षित झालं, ही समजूत इथेच तुटते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बऱ्याच पिकांना प्रयोगाचा प्लॉट १० मीटर बाय ५ मीटर असतो, म्हणजे ५० चौरस मीटर. हेक्टर म्हणजे १० हजार चौरस मीटर. प्लॉटमधल्या वजनाला सरळ २०० ने गुणतात. वजनात अर्धा किलोची चूक झाली की कागदावर हेक्टरी १ क्विंटल. हद्दीच्या दोरीवर उभी असलेली रोपं आत धरायची की बाहेर, एवढ्याशा गोष्टीवर मंडळाची भरपाई हलू शकते.

आणि हा प्रश्न ज्यांनी जगापुढे नीट मांडला ते आमच्याच भागातले. संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध, तालुका खटाव. १९४०च्या दशकात पिकांच्या नमुना पाहण्या कशा करायच्या यावर देशात मोठी चर्चा चालू होती. दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान प्लॉटच्या बाजूचे. सुखात्म्यांनी प्रत्यक्ष कापण्या करून दाखवलं की प्लॉट फार लहान असला की उत्पादन फुगून येतं. १९४६ साली 'नेचर'मध्ये त्यांचं टिपण छापून आलं. कारण साधं आहे. १ मीटर बाय १ मीटरच्या प्लॉटला परीघ ४ मीटर, क्षेत्रफळ १ चौरस मीटर. दर चौरस मीटरमागे ४ मीटर कड. १० बाय ५ च्या प्लॉटला परीघ ३०, क्षेत्रफळ ५०. दर चौरस मीटरमागे फक्त ०.६ मीटर कड. कापणाऱ्याचा कल कडेची रोपं आत ओढण्याचा असतो, म्हणून कड जितकी जास्त तितकी चूक एकाच दिशेला वाढत जाते. सुखात्मे पुढे १९५१ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. ही माहिती आमच्या शाळांच्या भिंतीवर असायला हवी.

अबोली

माणदेशी, प्रतिसाद वहीत उतरवून ठेवला. वडिलांना वाचून दाखवणार आहे.

एक छोटं उदाहरण माझंही. एसटीच्या दोन फेऱ्या. सकाळच्या गाडीत ८० माणसं, दुपारच्या गाडीत २०. आगार म्हणतं सरासरी ५० प्रवासी, गर्दी कुठे आहे? प्रवाशांना विचारा. ८० जण म्हणतील गाडीत ८० होते, २० जण म्हणतील २० होते. ८० वेळा ८० आणि २० वेळा २० यांची बेरीज ६,८००, भागिले १०० माणसं, म्हणून प्रवाशांची सरासरी येते ६८. दोघेही खरं बोलतात. एकाने भागलं गाड्यांनी, दुसऱ्याने माणसांनी. तक्रारीच्या अर्जावर 'गर्दी असते' एवढंच लिहिण्यापेक्षा हे मांडलं तर आगारप्रमुखाला उत्तर द्यावंच लागेल.

निशिगंधा

मी पॅथॉलॉजीत काम करते. आमच्याकडे छेद चुकला तर माणसांची झोप उडते, म्हणून लिहिते.

१९७८ साली हार्वर्डच्या रुग्णालयांमधले डॉक्टर, निवासी डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी मिळून ६० जणांना एक प्रश्न विचारला होता. आजार हजारात एकाला आहे. चाचणी निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली, बाकी त्याच्याबद्दल काही माहिती नाही, तर त्याला आजार असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त आलेलं उत्तर ९५ टक्के. बरोबर उत्तर जवळपास २ टक्के, आणि ते दिलं ६० पैकी ११ जणांनी.

टक्के बाजूला ठेवून माणसं मोजा. हजार माणसं आणा. आजारी १, तो सापडला असं धरू. उरलेले ९९९, त्यांच्या ५ टक्के म्हणजे सुमारे ५० जण उगाच पॉझिटिव्ह. एकूण ५१ पॉझिटिव्ह, त्यांत खरा आजारी एक.

आता हीच चाचणी, पण हजार माणसं वेगळी. पावसाळ्यात गावात साथ आहे, ताप आणि अंगदुखी घेऊन आलेले हजार जण, आणि त्यांतल्या ३०० जणांना खरोखर तो आजार आहे. निरोगी ७००, त्यांच्या ५ टक्के ३५. पॉझिटिव्ह ३३५, त्यांत खरे ३००. आता पॉझिटिव्हचा अर्थ जवळपास ९० टक्के. चाचणी तीच, किट तेच. बदलले ते दारात उभे असलेले लोक. म्हणून लक्षण नसताना सवलतीचं पॅकेज म्हणून पन्नास तपासण्या करून घेणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, आधी डॉक्टरांना भेटा, त्यांनी सांगितलेल्याच तपासण्या करा. आणि पॉझिटिव्ह आला तर घाबरण्याआधी पुढची खात्रीची तपासणी कोणती ते विचारा.

'धोका दुप्पट' ही बातमीही अशीच वाचायची. १९९५ साली ब्रिटनमध्ये औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बायकांनी घाबरून गोळ्या बंद केल्या. दुप्पट म्हणजे ७,००० त १ वरून ७,००० त २. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात जास्त झाले. गर्भारपणात आणि गर्भपातात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्त असतो. बातमीत एक छेद छापला असता तर किती जणींचा त्रास वाचला असता, याचा विचार करून मला अजूनही राग येतो.

ओंजळ

सगळं वाचलं, पटलंही. तरी एक अडचण मांडते. वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टर म्हणाले, 'शंभरात पाच जणांना गंभीर त्रास होतो.' छेद सांगितला त्यांनी. पण आम्हाला त्या शंभरांचं काय करायचं होतं? आमच्याकडे बाबा एकच. झालं तर शंभर टक्के, नाही झालं तर शून्य. सरासरी रुग्णालयाला उपयोगी, विमा कंपनीला उपयोगी. घरातल्या माणसाला तिचा काय आधार?

वाटसरू

ओंजळताई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि गणिताने तो फार पूर्वी हाती घेतलाय. पैशांपुरतं उत्तर आहे, ते सांगतो. बाबांच्या बाबतीत ते पुरेल असा माझा दावा नाही.

गणितज्ञ डॅनियल बर्नुली यांचा १७३८ सालचा एक निबंध आहे. त्यात पीटर्सबर्गच्या व्यापाऱ्याचं उदाहरण येतं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये माल घेतलाय, पीटर्सबर्गला तो १० हजार रुबलला विकेल. त्या हंगामात १०० पैकी ५ जहाजं बुडतात. विमा मागतो ८०० रुबल. सरासरीने पाहिलं तर नुकसान १० हजाराच्या ५ टक्के, ५०० रुबल. ५०० च्या जोखमीला ८०० मोजणं तोट्याचं. मग विमा घेऊच नये का?

बर्नुली म्हणतात, व्यापाऱ्याकडे याशिवाय काय आहे ते आधी विचारा. रुपयाची किंमत हातात आधी किती आहेत यावर ठरते. तसा हिशेब मांडून त्यांनी आकडा काढला: या मालाखेरीज ५,०४३ रुबलपेक्षा कमी संपत्ती असेल तर त्याने ८०० देऊनही विमा घ्यावा, जास्त असेल तर घेतला नाही तरी चालेल. आणि गंमत पाहा, हाच विमा विकणाऱ्याकडेही किमान १४,२४३ रुबल असावेत, नाहीतर त्याने विकू नये. एकच जोखीम, एकच दर, पण एकाला घेणं शहाणपणाचं आणि दुसऱ्याला विकणं शहाणपणाचं. कारण दोघांचे छेद वेगळे. तो छेद म्हणजे स्वतःची एकूण पुंजी.

मला यातून घरातले दोन निर्णय सुटले. मोबाईलच्या स्क्रीनचा विमा मी घेत नाही, कारण स्क्रीन फुटली तर माझ्या पुंजीला ओरखडा जातो एवढंच. आरोग्य विमा आणि मुदत विमा मात्र घेतो, 'काही झालं नाही तर पैसे बुडाले' असं नातेवाईक म्हणाले तरी. तिथे नुकसान पुंजीपेक्षा मोठं असू शकतं, आणि शून्यावर गेलेल्या माणसाला सरासरी भरून काढायला पुढची फेरी मिळत नाही.

ओंजळ

धन्यवाद वाटसरू. पैशांचं समजलं, आणि माणदेशींच्या विम्याचंही त्यामुळे जास्त समजलं. बाबांच्या बाबतीत मी अजून माझ्या मतावर आहे. तिथे आम्ही शेवटी बाबांनाच विचारलं, आणि ते योग्यच झालं.

निशिगंधा

ओंजळताई, त्यांनाच विचारलंत ते उत्तमच. फक्त ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी दोन प्रश्न सुचवते. ते शंभर कोण? सगळ्या वयांचे, की सत्तरी ओलांडलेले आणि मधुमेह असलेले? आणि शस्त्रक्रिया केलीच नाही तर शंभरातल्या कितीजणांना काय होतं? दुसरा प्रश्न बहुतेक घरांत विचारला जात नाही. मग पाचाची तुलना नकळत शून्याशी होते, आणि प्रत्यक्षात ती कदाचित वीसाशी करायची असते. निर्णय तुमचाच राहतो, पण तो कशाकशामधला आहे ते स्पष्ट होतं.

खानदेशी

मी चाळीसगावचा. आमच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ होता, त्याचा शिलालेख आहे. 'लीलावती' ज्याचा भाग आहे तो 'सिद्धांतशिरोमणी' शके १०७२, म्हणजे इसवी सन ११५० चा. त्यात त्रैराशिक आहे आणि व्यस्त त्रैराशिकही आहे. पहिल्यात एक वाढलं की दुसरं वाढतं, दुसऱ्यात एक वाढलं की दुसरं घटतं. कोणतं कुठे लावायचं हे ओळखणं म्हणजेच निम्मं काम, आणि गाडीचा अ‍ॅव्हरेज हे त्याचं आजचं उदाहरण.

आमच्याकडे भाजीचा टेम्पो आणि एक मोटरसायकल. दोन्ही महिन्याला १,००० किलोमीटर चालतात असं धरा. टेम्पो लिटरला ८ देतो, दुरुस्ती करून १० देईल. मोटरसायकल ४० देते, नवी घेतली तर ६० देईल. पैसे एकाच कामाला आहेत. घरातले सगळे म्हणाले मोटरसायकल, कारण २० किलोमीटरची वाढ कुठे आणि २ ची कुठे.

पण आपण पैसे भरतो लिटरचे. टेम्पोला आधी १२५ लिटर, नंतर १००. वाचले २५. मोटरसायकलला आधी २५ लिटर, नंतर साडेसोळा-सतरा. वाचले ८ च्या आसपास. मोटरसायकल फुकट पळायला लागली तरी २५ लिटरच्या वर वाचवू शकणार नाही! अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक आणि सोल यांनी २००८ साली 'सायन्स'मध्ये हाच गोंधळ मांडला होता. किलोमीटर वर आणि लिटर खाली ठेवले की डोळा फसतो. उलटं करा, १०० किलोमीटरला किती लिटर असं लिहा, की दिसतं.

तळ्यातमळ्यात

शमीताई, पहिल्या पोस्टमधला १७.९ कसा काढला? मला स्वतः करून बघायचंय. आणि प्रक्रिया शुल्क आधीच कापून घेतलं तर?

शमी

एक्सेलमध्ये 'रेट' नावाचं सूत्र आहे. त्यात तीन गोष्टी याच क्रमाने भरा: हप्त्यांची संख्या ३६, हप्ता उणे चिन्ह लावून ३,६११, आणि हातात आलेली रक्कम १,००,०००. उत्तर महिन्याच्या दराचं येतं, त्याला १२ ने गुणा.

शुल्क कापलं असेल तर तिसऱ्या जागी मंजूर रक्कम लिहू नका, खात्यात जमा झालेली लिहा. २ टक्के कापून ९८,००० आले तर तोच '१० टक्के फ्लॅट' १९.४ च्या आसपास जातो. कर्जाबरोबर सक्तीने विमा विकला असेल तर त्याचा हप्ताही वजा करा.

अबोली

माणदेशी, एक शंका. मंडळाऐवजी गाव हाच घटक धरला तर अन्याय कमी होईल ना? बाबांचं तेच म्हणणं आहे.

माणदेशी

अबोलीताई, बाबांचं म्हणणं बरोबर आहे आणि अपुरंही आहे. गाव धरलं तर सरासरी आपल्या रानाच्या जवळ येते, हा फायदा मोठा. पण योजनेच्या नियमात मंडळाला पिकामागे किमान १० प्रयोग लागतात आणि ग्रामपंचायतीला ४. एखाद्या प्लॉटमध्ये १ किलोची चूक झाली तर त्या प्लॉटचा आकडा हेक्टरी २ क्विंटलने हलतो. दहांत वाटली तर मंडळाची सरासरी ०.२ क्विंटलने सरकते, चारांत वाटली तर गावाची ०.५ ने. उंबरठा १० असेल तर ५ टक्के भरपाई एका चुकीवर. म्हणजे गाव हा घटक मागायचा असेल तर त्याच अर्जात प्रयोगांची संख्या वाढवून मागायला हवी. नुसता घटक लहान केला तर आज जे शेजारच्या गावामुळे होतं ते उद्या एका दोरीमुळे होईल.

आमच्या गावच्या अर्जाचा मसुदा तयार आहे, त्यात हा हिशेब घातलाय. व्यक्तिगत निरोप पाठवलात तर देतो. तुमच्या मंडळाचं उंबरठा उत्पादन तेवढं तालुका कृषी कार्यालयातून लिहून आणा.